खुर्ची एकच असते

आमच्या ऑडिओवाल्या कंपूत सध्या २३ जण आहेत. २३ च्या २३ बाप्ये. दोन डॉक्टर, एक सीए, एक निवृत्त बँक मॅनेजर, एक किराणा होलसेलवाले काका (कंपूत सगळ्यात तयार कान यांचेच) आणि उरलेले आमच्यासारखे आयटीतले हमाल. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, यजमानाने नवीन काय आणलंय ते ऐकायचं, 'मिड्स जरा पुढे आल्यासारखे वाटतात' असं काहीतरी गंभीर चेहऱ्याने बोलायचं आणि मग मिसळ हाणायची. १५ वर्षांत या बैठकीला स्वतःची रेकॉर्ड काखोटीला मारून, स्वतःहून आलेली बाई मी एकही पाहिलेली नाही. घरच्या बायका असतात. चहा येतो. कुणीतरी 'वहिनी, कसं वाटलं?' विचारतो, वहिनी 'छान' म्हणून हसतात आणि आत जातात.

असं का, हा प्रश्न कंपूत निघाला की उत्तरं तयार असतात. पहिलं उत्तर कानाचं: बायकांना एवढा बारीक फरक कळतच नाही. हे उत्तर देणाऱ्याने एकदा ऑडिओग्राम काढून यावा. अमेरिकेत बाल्टिमोरला माणसांच्या म्हातारं होण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे. त्यातून १९९५ साली आलेला निष्कर्ष असा की पुरुषांची श्रवणशक्ती बायकांच्या दुपटीहून जास्त वेगाने उतरते. त्यातही आधी जातो तो वरचा पट्टा, म्हणजे नेमका तोच, ज्यासाठी आपण रिबन ट्वीटर घेतो. पन्नाशीच्या बऱ्याच पुरुषांना बारा-तेरा किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकूच येत नाही. 'झांजांची झिलई' या विषयावर अर्धा तास वाद घालणाऱ्यांची सरासरी वयं मी इथे लिहीत नाही :)

कानावरून एक किस्सा सांगतो. कोथरूडच्या एका मित्राने टर्नटेबल घेतलं, बेल्ट-ड्राइव्ह, बऱ्यापैकी महाग. दोन महिने आमची चर्चा चालली होती की कार्ट्रिज कुठली बसवावी, आर्मची उंची केवढी ठेवावी, खाली ग्रॅनाइटची फरशी घालावी की मॅपलची फळी. एका रात्री आम्ही दोघं त्याच्याकडे जेवायला गेलो. बायकोने विशारदपर्यंत गाणं केलंय. हिराबाई बडोदेकरांची रेकॉर्ड लागली, ती बायकोच्या घरात लहानपणापासून वाजलेली. दोन मिनिटांत ती म्हणाली, "अरे, हे चढं वाजतंय." आम्ही हसलो. तिने फोनवरचा तानपुरा लावून दाखवला. सूर खरंच जुळेना. मग स्ट्रोबची चकती शोधली. (५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ ला १८० पट्टे असतात, ते स्थिर दिसले पाहिजेत. एलईडीखाली बऱ्याचदा नीट दिसत नाहीत, निऑनचा टेस्टर लागतो.) पट्टे आरामात पुढे सरकत होते. मोजलं तर वेग दोन टक्क्यांच्या आसपास जास्त. २३ जणांपैकी निदान दहा जणांनी ते टर्नटेबल ऐकून 'रिदम आणि पेस' फार छान आहे असं सांगितलं होतं. असणारच!

तर कानाचा मुद्दा निकालात निघाला. दुसरं उत्तर यंत्राचं. पुरुषांना यंत्रं आवडतात, बायकांना माणसं. हे जरा भारदस्त उत्तर आहे, कारण याला पुस्तकांचाही आधार मिळतो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांनी २००३ सालच्या पुस्तकात असं मांडलं की सरासरीने पुरुषांचा मेंदू व्यवस्था उलगडण्याकडे झुकतो आणि बायकांचा समोरच्याचं मन ओळखण्याकडे. असेलही थोडं. पण सोमवारी ऑफिसला गेलं की मला हे उत्तर पटेनासं होतं. माझ्या ११ जणांच्या टीममध्ये ५ बायका आहेत. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन कोसळलं की मेमरी डंप घेऊन बसते ती त्यातलीच एक. व्यवस्था उलगडणं म्हणजे दुसरं काय असतं? अमेरिकेत १९८४ च्या सुमाराला कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्या घेणाऱ्यांत ३७ टक्के मुली होत्या, २०१० पर्यंत तो आकडा १८ च्या आसपास आला. पंचवीस वर्षांत मेंदू बदलत नाहीत. मधल्या काळात घरगुती कॉम्प्युटर आला आणि तो मुलांचं खेळणं म्हणून विकला गेला. आपल्याकडे कॉम्प्युटर घरात खेळणं म्हणून शिरायच्या आधी नोकरी म्हणून आला, त्यामुळे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुली कॉम्प्युटरला रांगेने दिसतात.

आणि बारकाव्याचं वेड हे काय फक्त पुरुषांकडे असतं? माझ्या मामीला पैठणीचा पदर उलटा करून दाखवायला सांगा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत मागची बाजूही पुढच्यासारखीच साफ विणलेली असते, लोंबते धागे दिसत नाहीत. पदर, काठ, जर, येवल्याची की आणखी कुठली, यावर मामी जे बोलते ते आणि आमचे काका कॉपर आणि सिल्व्हरच्या केबलवर जे बोलतात ते, दोन्ही डोळे मिटून ऐकलं तर एकच भाषण वाटेल. (मामीच्या बाजूने एवढंच की तिचा फरक डोळ्यांना दिसतो. केबलच्या वादात मी आज पडत नाही.)

म्हणजे कान आहेत, डोकं आहे, वेड आहे. गाण्याची आवड तर आहेच आहे. मग कुठे अडतं?

मला वाटतं थोडं मागे जायला पाहिजे. ग्रामोफोन हे सुरुवातीला बाप्यांचं यंत्र नव्हतंच. १९०६ साली अमेरिकेत व्हिक्ट्रोला आला, त्यात तो मोठा कर्णा लाकडी कपाटाच्या पोटात लपवला होता. का? तर दिवाणखान्यात शोभावा म्हणून. तो घरच्या बाईला विकायचा होता, तिच्यासाठीच्या मासिकांतून त्याच्या जाहिराती यायच्या. आपल्याकडे तर गंमतच. १९०२ साली कलकत्त्याला रेकॉर्डिंग करायला साहेब आला तेव्हा गायला बसली गौहर जान. बरेच बुजुर्ग उस्ताद या डब्यापासून चार हात लांब राहिले, आणि सुरुवातीच्या रेकॉर्ड मोठ्या संख्येने गाणाऱ्या बायकांच्या निघाल्या. पुढे रेडिओ आला. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' लागायचं, तेव्हा लोक रेडिओला हार घालायचे असं जुनी माणसं अजून सांगतात. तो हार घालणारे हात बहुतेक घरातल्या बायकांचेच असणार.

मग हे यंत्र हातातून हातात कधी गेलं? दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण १९४७ ते १९५८ च्या दरम्यान. हा काळ मला फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो. लष्करात रेडिओ आणि रडार शिकलेली हजारो पोरं अमेरिकेत आणि इंग्लंडात घरी परतली होती. युद्धातून उरलेले सुटे भाग किलोच्या भावाने मिळत होते. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात विल्यमसनने आपल्या अँप्लिफायरचं सर्किट छापलं आणि लोकांनी ते घरोघर बांधलं. मिशिगनमधल्या हीथ कंपनीने त्याच वर्षी असल्या उरलेल्या भागांतून ऑसिलोस्कोपचं किट काढलं, मग अँप्लिफायरची किट्स आली. १९४८ ला एलपी आली, १९५१ ला 'हाय फिडेलिटी' नावाचं मासिकच निघालं. कपाटात लपवलेलं यंत्र आता उघडं झालं, नुसत्या चासीवर तापलेले व्हॉल्व्ह, मागे वायरींचा गुंता. ते आवडणं हाच अभिमान झाला. किअर काइटली नावाच्या अभ्यासकाने १९९६ साली या काळातल्या मासिकांवर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की हाय-फाय हा नवऱ्याने स्वतःच्याच घरात स्वतःसाठी राखलेला कोपरा म्हणून रंगवला गेला आणि बायको म्हणजे आवाज कमी करा म्हणणारी. व्यंगचित्रं, विनोद, सगळं त्याच साच्यातलं. १९८३ मध्ये 'स्टिरिओफाइल' मासिकात लॅरी ग्रीनहिलने 'वाइफ अक्सेप्टन्स फॅक्टर' हा शब्द वापरला, तो अजून आमच्या कंपूत रोज वापरला जातो. स्पीकर किती बेढब दिसला तर बायको घरात घेईल, त्याचं माप. शब्दातच ठरून गेलं आहे की ऐकणारा कोण आणि हरकत घेणारी कोण.

गंमत म्हणजे याच काळात बायका या धंद्यात सगळीकडे होत्या. ज्या जुन्या मलार्ड ईएल ३४ साठी आमचे डॉक्टर आज वाटेल ती किंमत मोजतात, त्यांची जुळणी इंग्लंडात ब्लॅकबर्नच्या कारखान्यात प्रामुख्याने बायकांच्या हातांनी व्हायची. मर्क्युरी कंपनीच्या 'लिव्हिंग प्रेझेन्स' रेकॉर्ड म्हणजे ऑडिओफाइल मंडळींचं दैवत. तोफांचे खरे आवाज असलेली ती '१८१२ ओव्हर्चर' त्यातलीच. त्यांची निर्माती विल्मा कोझार्ट. १९९० च्या दशकात त्या सीडीवर आल्या, तेव्हाही मास्टर टेपसमोर तीच बसली होती. ब्रिटनमध्ये डॅफ्नी ओरम १९४३ पासून बीबीसीत, १९५८ ला रेडिओफोनिक वर्कशॉप उभं करणाऱ्यांतली एक. गाणारी बाई, व्हॉल्व्ह जोडणारी बाई, रेकॉर्ड घडवणारी बाई. या तारेच्या दुसऱ्या टोकाला जी खुर्ची आहे, तिच्यावर मात्र बाप्या.

या खुर्चीबद्दल बोलायला पाहिजे. १९५८ च्या आधी रेकॉर्ड मोनो होत्या. एकच स्पीकर, खोलीत कुठेही बसा, पोळ्या लाटा, केर काढा, गाणं तेच. स्टिरिओ आला आणि भूमिती आली. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, नाहीतर बास फुगतो. या त्रिकोणाच्या टोकाला एकच जागा असते. एक फूट डावीकडे सरकलात की गायिका मधून उठून डाव्या स्पीकरात जाऊन बसते. (स्टिरिओचा जनक ब्लमलाइन १९३१ साली बायकोबरोबर सिनेमा बघत होता, नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खुपलं, अशी गोष्ट सांगतात. दोघं शेजारी बसून सुचलेला शोध एकट्याने ऐकायचा झाला.) आता पुण्यातला १० बाय १६ चा हॉल घ्या. दिवाण, टीव्ही, चपलांचं कपाट, येणारे-जाणारे, सासूबाईंची मालिका. त्यात दोन खोके भिंतीपासून तीन फूट पुढे आणून ठेवायचे, मधे कुणी यायचं नाही, आणि एका माणसाने दोन तास डोळे मिटून बसायचं.

हा हट्ट घरात कोण करू शकतो?

माझी मोठी बहीण इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे. एका कंपनीत पॉवर सप्लाय डिझाइन करते, म्हणजे आम्ही ज्या गोष्टींवर नुसत्या गप्पा मारतो ती ती पगार घेऊन करते. गाण्याची आवड माझ्यापेक्षा जुनी. तिच्या घरी आत्ताआत्तापर्यंत एक ब्लूटूथ स्पीकर होता, तोही ओट्यावर, डब्यांच्या मागे. मी तिला सरळ विचारलं, "ताई, तुला हे सगळं जमतं, पैसे आहेत, मग तू कधी सिस्टिम का नाही लावलीस?"

ती म्हणाली, "अरे, संध्याकाळी सात वाजता तू खुर्चीत डोळे मिटून बसलास तर लोक म्हणतात गाणं ऐकतोय. मी बसले की विचारतात, बरं नाहीये का?"

यावर मला काही बोलता आलं नाही. नंतर केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्वेक्षणाचे आकडे पाहिले. बिनपगारी घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवते, पुरुष ८८ मिनिटं. आणि हे जे करतात त्यांचं; पुरुषांत मुळात करणारेच जेमतेम चारातला एक. पण मला वाटतं ताई नुसत्या मिनिटांबद्दल बोलत नव्हती. आमच्या आईला निवृत्त होऊन १५ वर्षं झाली, वेळ भरपूर आहे. तिला मी माझ्या खुर्चीत बसवतो, माणिक वर्मा लावतो, ती मनापासून ऐकते, आणि आठव्या-दहाव्या मिनिटाला उठते. कुकर लावलेला नसतो, तरी उठते. हातात निवडायला काही दिलं, मेथी, पावटे, काहीही, की तासभर बसते. नोकरीला, शिकायला, देवाला, मुलांच्या क्लासला बाईने कितीही वेळ दिला तरी कुणी विचारत नाही. ज्याचा कुणालाच काही उपयोग नाही असा वेळ मात्र तिला स्वतःलाही चोरल्यासारखा वाटतो. आणि हाय-एंड ऑडिओ म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, बिनउपयोगाचे दोन तास, तेही घराच्या बरोबर मध्यभागी बसून.

यावर आमचे सीए म्हणतात, मग एकट्या राहणाऱ्या, भरपूर कमावणाऱ्या बायका? त्यांना कोण अडवतं? प्रश्न बरोबर आहे. माझी एक सहकारी, एकटी राहते, चांगले स्पीकर घ्यायचे म्हणून मुंबईच्या एका डेमो रूममध्ये अपॉइंटमेंट घेऊन गेली. पहिला प्रश्न, "सर येतायत का मागून?" मग ते गृहस्थ स्पीकरच्या रंगांबद्दल बोलत राहिले. ती इम्पीडन्स विचारायला गेली होती. तपकीर गल्लीतही तेच. लेकीला हेडफोन अँपचं छोटं किट बांधायचं होतं, ऑप-अँपचा नंबर तिने विचारला, दुकानदाराने उत्तर मला दिलं. तीन वेळा. माणूस वाईट नव्हता, तिला एक सॉकेट फुकटही दिलं. पण मी तिथे चौथीत असताना मामाचं बोट धरून गेलो होतो, आणि मला तेव्हा सगळे 'काय पाहिजे रे' असं थेट विचारायचे. ताई तेव्हा घरी असायची, तिला बाजारात कुणी नेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती कंपूच्या बाजूने सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मॉडेल नंबर, वॉट, किंमत, हे सगळं चढाओढीचं वाटतं आणि थोडंफार असतंच. पण दोन वर्षांपूर्वी किराणावाल्या काकांच्या पत्नी गेल्या. महिन्याने त्यांनीच निरोप धाडला, या रविवारी माझ्याकडे या. आम्ही १४-१५ जण गेलो. एकालाही काय बोलावं कळेना. काकांनी मल्लिकार्जुन मन्सूर लावले. तासभर कुणी हललं नाही, केबलचा विषयसुद्धा निघाला नाही. निघताना काका म्हणाले, "बरं वाटलं." आमच्या बायकांना अशा वेळी बोलता येतं, भिशी आहे, भजनी मंडळ आहे, फोन आहे. पुरुषांना एकत्र गप्प बसायला काहीतरी निमित्त लागतं, आणि दोन स्पीकर हे निमित्त चांगलं आहे. बायका या छंदाकडे येत नाहीत याचं एक छोटं कारण हेही असेल, की पुरुष इथे जे शोधत येतात ते त्यांना दुसरीकडे मिळतं. पण हे कारण ताईला लागू नाही. तिला गप्पा नको होत्या, खुर्चीच हवी होती.

असो. ताईने गेल्या वर्षी हेडफोन घेतले. मी ओपन-बॅक घे म्हणून डोकं खात होतो, आवाज मोकळा असतो वगैरे. तिने क्लोज्ड-बॅकच घेतले, म्हणाली बाहेरचं ऐकू येऊ नये हाच तर मुद्दा आहे. सोबत एक छोटा डॅक. मी ऐकून पाहिलं, निवड उत्तम आहे, मधल्या पट्ट्यात माझ्या स्पीकरांना लाजवेल असा स्वच्छ. रोज संध्याकाळी पाऊण तास किशोरीताई ऐकते, डायनिंग टेबलाशी बसून, समोर लॅपटॉप उघडा ठेवून. मी म्हटलं, आता कुणी विचारत नाही का?

"छे. कानाला हेडफोन आणि पुढ्यात लॅपटॉप असला की सगळ्यांना वाटतं मीटिंग चालू आहे. सासूबाई टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करतात."